लोहाराच्या पोराची वही

परीक्षांचे निकाल लागले की घरोघरी मुलांच्या डोक्याचे मोजमाप सुरू होते. अमक्याचे डोके तल्लख, तमक्याला गणित जमायचेच नाही, असे निवाडे चहाच्या घोटाबरोबर दिले जातात. मूल ते मुकाट्याने ऐकते आणि खरे मानते. मी बरीच वर्षे रात्रशाळेत विज्ञान शिकवले. दिवसभर राबून येणाऱ्या त्या मुलांपाशी बुद्धी होती. आपल्यापाशी ती आहे यावर विश्वास मात्र नव्हता. अशा वर्गात मला सर्वांत उपयोगी पडला तो मायकेल फॅरडे.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स या वस्तीतला. वडील लोहार, त्यात प्रकृतीने अधू. १८०१ च्या टंचाईत या मुलाच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई. शाळा झाली ती लिहिण्या-वाचण्यापुरती आणि जुजबी अंकगणितापुरती. तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो यांच्या पुस्तकांच्या दुकानात पोऱ्या म्हणून लागला आणि पुढच्या वर्षी, सात वर्षांच्या कराराने, पुस्तकबांधणी शिकू लागला.

बांधणीला आलेली पुस्तके तो वाचू लागला. ज्ञानकोशातला विजेवरचा लेख आणि जेन मार्सेट या बाईंचे रसायनशास्त्राचे पुस्तक यांनी त्याला विज्ञानाची गोडी लावली. पण त्याला घडवले ते आयझॅक वॉट्स या धर्मोपदेशकाच्या, मन कसे सुधारावे हे सांगणाऱ्या पुस्तकाने. टिपणवही ठेवा, व्याख्याने ऐका, विचारी मित्रांशी पत्रव्यवहार करा, शब्द नेमके वापरा, असा त्यातला साधा उपदेश. असा उपदेश आपण सगळेच वाचतो आणि पुस्तक मिटून ठेवतो. फॅरडेने तो वैद्याच्या औषधासारखा नेमाने घेतला.

वॉट्सने वही ठेवा म्हटले, त्याने वही घातली. व्याख्याने ऐका म्हटले, तर १८१० पासून तो टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी विज्ञानाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. प्रवेशाचा एक शिलिंग थोरला भाऊ रॉबर्ट देई, तोही लोहारच. व्याख्यानातली उपकरणे वहीत नीट उतरेनात, म्हणून फॅरडे एका चित्रकाराकडून रेखाटन शिकला. मला तर त्याच्या साऱ्या आयुष्याची किल्ली इथेच दिसते. एक उणीव सापडली की तिच्यापुरता एक उपाय. आपण हुशार की मठ्ठ, हा प्रश्न तो स्वतःला विचारत बसला नाही. आज काय अडले, एवढेच पाहत गेला.

१८१२ मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरडेने टिपणे काढली, ती सुवाच्य अक्षरात उतरवली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींकडे पाठवून दिली. मार्च १८१३ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा मिळाली.

इथे गोष्ट संपवण्याचा मोह होतो. पण खरी शिकवण पुढेच आहे. नोकरी लागली म्हणून त्याची शाळा सुटली नाही. १८१८ मध्ये त्याने चार मित्र जमवून निबंध लिहिण्याचे मंडळ काढले. एकमेकांचे लिखाण वाचायचे आणि त्यावर बोलायचे. त्याच सुमारास चांगले बोलता यावे म्हणून तो वक्तृत्वाच्या व्याख्यानांना जाऊ लागला. पुढे लंडनची माणसे त्याची व्याख्याने ऐकायला गर्दी करू लागली.

गणित मात्र त्याला अखेरपर्यंत आले नाही. त्यावरही त्याने आपल्यापुरती वाट काढली. लोहचुंबकाभोवती लोखंडाचा कीस ज्या रेषांत मांडला जातो, त्या रेषांच्या भाषेत तो विचार करू लागला. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या एका तारेतला प्रवाह जोडताना आणि तोडताना दुसऱ्या तारेजवळची सुई हलली. आपल्या घरात येणारी वीज ज्या जनित्रांतून आणि रोहित्रांतून येते, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे. गणितात निष्णात असलेल्या मॅक्सवेलने पुढे याच रेषांना समीकरणांचे रूप दिले. १८५७ मध्ये साठी ओलांडलेल्या फॅरडेने या तरुणाला पत्र लिहून विचारले, की गणिताने काढलेले निष्कर्ष साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का? न येणारी गोष्ट विचारायला त्याला लाज वाटली नाही. आत्मविश्वास म्हणतात तो हाच.

स्मरणशक्तीवरही त्याचा भरवसा नव्हता. म्हणून प्रयोगांच्या रोजनिशीत तो नोंदींना क्रमांक घाली. ते सोळा हजारांपुढे गेले. चाळिशीच्या अखेरीस तर विस्मरणाने त्याला इतके ग्रासले, की काम बाजूला ठेवावे लागले. तो सावरला आणि पुन्हा वहीकडे वळला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याचे निधन झाले.

कष्ट केले की प्रत्येक मूल फॅरडे होते, असे मी वर्गात कधी सांगितले नाही. पण कालच्यापेक्षा आज थोडे अधिक कळले, हे ज्याच्या वहीत लिहिलेले असते, त्याला स्वतःच्या बुद्धीसाठी दुसऱ्याच्या दाखल्याची गरज उरत नाही. आणि घरच्यांचे काम? डोक्याचा निवाडा करण्याऐवजी रॉबर्टसारखा एक शिलिंग पुढे करावा. भात्यापाशी घाम गाळणाऱ्या त्या भावाने मायकेलच्या बुद्धीचे माप काढल्याचे कुठे वाचले नाही. त्याने व्याख्यानाचे पैसे तेवढे दिले.