गंज न धरणारे पोलाद

शस्त्रक्रियेची कात्री रोज रक्तात भिजते, पाण्याने धुतली जाते, वाफेत निर्जंतुक होते. तरी वर्षानुवर्षे गंजत नाही. याचे बरेचसे श्रेय शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांचे.

जन्म 1871 चा. वडील पोलादाच्या भट्टीवर राबणारे, घरात पोरवडा मोठा. बाराव्या वर्षी हॅरी फर्थ कंपनीच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागले. रसायनशास्त्र ते काम सांभाळूनच शिकले. 1908 मध्ये नव्या संशोधन प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली.

1912 मध्ये त्यांच्याकडे प्रश्न आला तो बंदुकीच्या नळ्यांचा. गरम वायूंनी नळ्या आतून झिजत होत्या; गंजाचा विषयच नव्हता. 13 ऑगस्ट 1913 रोजी त्यांनी 12.8 टक्के क्रोमियम आणि 0.24 टक्के कार्बन असलेले पोलाद ओतले. भंगाराच्या ढिगात एक तुकडा चकाकताना दिसला, ही गोष्ट ऐकायला छान आहे. पण खरा धागा सापडला तो सूक्ष्मदर्शकापाशी. धातूची आतली ठेवण दिसावी म्हणून नमुन्याला आधी आम्ल लावतात. हे पोलाद आम्लाला दाद देईना. व्हिनेगर आणि लिंबाच्या रसालाही ते पुरून उरले. त्यातही एक मेख होती. तेच पोलाद लालबुंद तापवून झटकन थंड केले, म्हणजे लोहाराच्या भाषेत त्याला पाणी दिले, की टिकायचे. सावकाश निवू दिले की आम्ल त्याला खायचे.

घटक तेच, मग फरक कशाचा? मांडणीचा. नीट तापवून झटकन थंड केले की क्रोमियम लोखंडात विरघळलेले राहते आणि पृष्ठभागावर ऑक्साइडचा, केसाच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर धरते. ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा भरून येतो. सावकाश निवताना मात्र क्रोमियमचा काही भाग कार्बनशी जोडी जमवून कणांत अडकतो. आजूबाजूचे लोखंड उघडे पडते आणि गंज तिथूनच शिरतो.

कंपनीला याचे मोल कळले नाही. शेफील्डच्या सुरी कारागिरांना ते पोलाद घडवायला अवघड गेले आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून ब्रिअर्लींची थट्टा झाली. अखेर अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरी कारखान्याच्या व्यवस्थापकाला जमले. ‘स्टेनलेस’ हे नावही त्यांचेच. पेटंटच्या वादातून ब्रिअर्लींनी फर्थ सोडली. 1916 मध्ये त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले, 1920 मध्ये बेसेमर सुवर्णपदक. 1948 मध्ये टॉर्की येथे त्यांचे निधन झाले.

शस्त्रक्रियेच्या कित्येक कात्र्या आजही याच जातीच्या, पाणी दिलेल्या पोलादाच्या असतात. त्यांचा मोठा शत्रू मीठ. म्हणूनच वापरलेली हत्यारे सलाइनमध्ये बुडवून ठेवत नाहीत. त्यातला क्लोराइड तो पातळ थर फोडतो आणि बारीक खड्डे पडू लागतात.