बॅरिस्टर बाबासाहेब : आरोपीचे आणि प्रतिवादीचे वकील

वाचकहो, कोल्हापूरच्या बिंदू चौकातून जाताना आपण महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यांना वंदन करतो. बाबासाहेब हयात असतानाच, ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने हे पुतळे उभे राहिले. घटनेचे शिल्पकार म्हणून बाबासाहेब आपल्या मुलांना ठाऊक असतात. पण कोर्टात उभे राहून दुसऱ्याचा बचाव करणारे बॅरिस्टर आंबेडकर त्यांना कितीसे ठाऊक आहेत?

मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू छत्रपतींनी या तरुण विद्वानाला समाजापुढे उभे केले. अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदा देणारा राजाही हाच. पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या दाराबाहेर हात जोडून उभे राहणाऱ्यांची मुले आत जाऊन बोलू लागावीत, ही त्या सनदेमागची दृष्टी होती. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले आणि त्याच वर्षी जून महिन्यात बाबासाहेब लंडनला बॅरिस्टर झाले.

१९२३ साली ते मुंबईस परतले, तेव्हा सनदेसाठी लागणारे पैसेही गाठीला नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ती अडचण भागवली. पण सनद मिळाली म्हणजे काम मिळाले असे नव्हे. हायकोर्टात बॅरिस्टरकडे काम येई ते सॉलिसिटरमार्फत, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. पदवी लंडनची असली तरी विटाळ इथलाच होता! मग जिल्ह्याच्या कोर्टांतील खटले घ्यावेत आणि व्यापारी कायदा शिकवून संसार चालवावा, असा तो काळ गेला.

१९२६ साली पुण्याचा एक खटला त्यांच्याकडे आला. दिनकरराव जवळकरांचे 'देशाचे दुश्मन' हे पुस्तक टिळक आणि चिपळूणकर यांच्यावर तुटून पडणारे होते. जवळकर, केशवराव जेधे, केशवराव बागडे आणि रामचंद्र लाड यांना बदनामीबद्दल खालच्या कोर्टाने कैद आणि दंड ठोठावला. सेशन्स कोर्टातील अपिलात बाबासाहेब उभे राहिले. पुस्तकाची भाषा जहाल होती, हे कोणालाही दिसत होते. त्यांनी बोट ठेवले ते कायद्यावर. मृत माणसाची बदनामी गुन्हा ठरते, ती त्याच्या कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखवण्याचा हेतू असेल तरच. इथे फिर्यादी तर दूरचा नातेवाईक. ऑक्टोबर १९२६ मध्ये आरोपी निर्दोष सुटले आणि बॅरिस्टर आंबेडकरांचे नाव झाले.

प्रत्येक खटला जिंकता येत नाही. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'चे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी उत्तरे दिली, हा त्यांचा गुन्हा. पांढरपेशा समाजाने ज्याच्याकडे पाठ फिरवली, त्या ब्राह्मण संपादकाच्या बचावाला बाबासाहेब धावले. लैंगिक विषयावरचे सगळेच लेखन अश्लील नसते, असा त्यांचा मुद्दा. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. पण अशिलाची जात पाहून वकीलपत्र नाकारण्याचा अनुभव ज्याने घेतला, त्याने स्वतः तसे केले नाही, हे ध्यानात ठेवा.

आता दिवाणी दावा पाहा. त्यात बाबासाहेब स्वतःच पहिले प्रतिवादी होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी घेतले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तोच सवर्णांनी दावा दाखल करून १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो माणसे महाडला जमली होती, तळे समोर होते. अशा वेळी लोकांना थांबवणे किती कठीण! बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. तळ्याला मिरवणुकीने फेरी घालून लोक परतले. कायद्याची लढाई कायद्यानेच पुरी करायची, हा तो निर्धार होता.

फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई उठली, पण दावा चालूच राहिला. तळे नगरपालिकेचे ठरल्यावर सवर्णांच्या हाती एकच आधार उरला, तो वहिवाटीचा. अस्पृश्यांना बंदी ही अनादी काळापासूनची चाल आहे, असे त्यांचे म्हणणे. पण जो चाल सांगतो, त्यानेच ती सिद्ध करायची असते. तळ्याभोवती सवर्णांची घरे उठण्यापूर्वीही बंदी होती, याला पुरावा कोणता? महाडच्या कोर्टात १९३१ साली दावा फेटाळला गेला, ठाण्याच्या कोर्टात १९३३ साली अपील फेटाळले गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने शेवटचा निकाल प्रतिवादींच्या बाजूने दिला. ओंजळभर पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षे!

बंधुभगिनींनो, ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. त्याचे उद्‌घाटन करणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई हे आपल्याच समाजातले. कोर्ट दारात आले आहे. पण पाणवठा, स्मशानाची वाट, गावठाणातली जागा यांवरून अजून कोणी वहिवाटीचे नाव पुढे करील, तेव्हा मान खाली घालू नका. तुमची वहिवाट सिद्ध करून दाखवा, असे त्याला विचारा. आणि घरातल्या एका तरी मुलाला, मुलीला कायदा शिकवा.