अचूकतेचा उपासक

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील एखाद्या यंत्रशाळेत डोकावले असते, तर एक चमत्कारिक प्रकार दृष्टीस पडला असता. तेथे प्रत्येक बोल्टाला त्याचाच नट लागे. दुसऱ्याचा बसत नसे. यंत्र उकलताना त्यांच्या जोड्यांवर खुणा कराव्या लागत, आणि एखादा नट हरवला की तो नव्याने घडवून घ्यावा लागे. पट्टी, कॅलिपर आणि डोळ्यांचा अंदाज एवढ्या साधनांवर सारे काम चाले. सोळांश इंच, त्याहून किंचित कमी किंवा किंचित अधिक, अशी कारागिरांची मोजमापाची भाषा होती. ही स्थिती ज्यांनी पालटली त्यांत जोसेफ व्हिटवर्थ अग्रगण्य होय.

जोसेफचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी स्टॉकपोर्ट येथे झाला. त्याचे वडील शिक्षक होते. पुढे ते धर्मोपदेशक झाले. आईचे छत्र लहानपणीच हरपले. चौदाव्या वर्षी त्याला एका नातलगाच्या सूतगिरणीत कारभार शिकण्यासाठी ठेवण्यात आले. तेथेच राहता तर तो सुखवस्तू गिरणीवाला झाला असता. पण त्याचे मन हिशेबाच्या वह्यांपेक्षा यंत्रांत रमे. काही वर्षांतच ती गिरणी सोडून तो मँचेस्टरला साधा कारागीर म्हणून राबू लागला आणि १८२५ साली लंडनला हेन्री मॉडस्लेच्या सुप्रसिद्ध कारखान्यात दाखल झाला.

येथे त्याने एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा ध्यास घेतला. लोखंडाचा पृष्ठभाग खरोखरी सपाट कसा करावा? यंत्राचे सरकणारे भाग सपाटीवर अवलंबून असतात. सपाटी चुकली की पुढचे सारेच चुकते. त्या काळी दोन पाट्यांमध्ये कुरुंदाची पूड घालून त्या एकमेकींवर घासण्याची रीत होती. तीत मोठा दोष होता. पूड कोठे साठते आणि कोठले लोखंड खाते, यावर कारागिराचा ताबा नसे. व्हिटवर्थने पूड टाकली आणि खरवडण्याचे धारदार हत्यार हाती घेतले. एका पाटीवर तेलात कालवलेल्या रंगाचा अगदी पातळ हात द्यावा, तिच्यावर दुसरी टेकवून किंचित हलवावी आणि उचलावी. जेथे रंग लागला तेथे उंचवटा आहे असे समजून तेवढाच भाग खरवडावा. कारागिराचा हात कोठे पडला पाहिजे, हे आता रंगच सांगू लागला.

तथापि दोनच पाट्या घेतल्या तर फसगत होते. एक मध्ये फुगीर आणि दुसरी तितकीच खोलगट असली, तरी त्या एकमेकींवर नेमक्या बसतात आणि दोन्ही सपाट असल्याचा भास होतो. म्हणून व्हिटवर्थने तिसरी पाटी घेतली. पहिली दुसरीशी, दुसरी तिसरीशी आणि तिसरी पहिलीशी, अशा तिन्ही जोड्या जेव्हा तंतोतंत जुळतात, तेव्हा त्या तिन्ही सपाटच असल्या पाहिजेत; दुसरा पर्यायच उरत नाही. हे काम अतिशय चिकाटीचे. शेकडो वेळा रंग लावावा, टेकवावे, उचलावे, खरवडावे. कोणी घाईने एक घाव अधिक दिला की पुन्हा प्रारंभ! १८३३ साली मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि १८४० साली ग्लासगो येथील विद्वानांच्या सभेपुढे ही पद्धत मांडली.

पुढच्याच वर्षी त्याने मळसूत्रांच्या आट्यांकडे लक्ष वळवले. निरनिराळ्या कारखान्यांतील बोल्ट जमवून, त्यांची मापे ताडून पाहून त्याने आट्यांचा कोन ५५ अंशांचा ठरवला आणि बोल्टाच्या जाडीप्रमाणे दर इंची किती आटे असावेत याचे कोष्टक दिले. एका गावचा नट आता दुसऱ्या गावच्या बोल्टाला बसू लागला. लँकेशायरहून मुंबईच्या गिरण्यांसाठी जी यंत्रे आली, त्यांच्यावरही हेच आटे असत. मेट्रिक आट्यांनी त्यांची जागा घेतली ती फार पुढे.

परंतु माप एकसारखे आहे की नाही, हे तपासायचे कसे? व्हिटवर्थचे उत्तर त्या काळाच्या मानाने धाडसाचे होते. डोळा पट्टीवरच्या रेघा वाचताना चुकतो. बोटांना स्पर्शाने कळणारा फरक त्याहून कितीतरी सूक्ष्म असतो. याच्या प्रत्ययासाठी तो पोलादाची एक कडी आणि दोन दंडगोल दाखवीत असे. कडीचे छिद्र ०.५७७० इंचाचे होते. एक दंडगोल तेवढाच, तर दुसरा ०.५७६९ इंचाचा होता. पहिला कडीत घट्ट बसे; दुसरा इतका सैल वाटे की जणू तो तिचा नव्हेच! इंचाच्या दहा हजाराव्या भागाचा हा फरक कोणाही कारागिराच्या हाताला कळत असे.

१८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात त्याने जे मापनयंत्र मांडले, ते तर या स्पर्शविद्येचा कळसच होय. त्यातील स्क्रूला इंचास २० आटे होते. त्याला फिरवणाऱ्या चाकास २०० दाते आणि त्याला चालवणाऱ्या दुसऱ्या चाकावर २५० भाग होते. त्यामुळे एक भाग फिरवला की स्क्रू इंचाच्या दशलक्षांशाने पुढे सरके. मोजायचा गज आणि यंत्र यांच्यामध्ये पोलादाचा एक लहानसा तुकडा ठेवीत. पकड नेमकी असली की तो अधांतरी टिके. चाक एका भागाने मागे घेतले की आपल्याच वजनाने खाली पडे. हात जोराने दाबला किंवा हलका ठेवला, तरी मापात फरक पडण्याचे भय यामुळे उरले नाही. निवाडा त्या तुकड्याने द्यावयाचा. गजाला नुसते बोट लावले तरी अंगाच्या उष्णतेने तो वाढल्याचे हे यंत्र दाखवी.

पुढे सरकारच्या विनंतीवरून त्याने बंदुका आणि तोफा यांवरही पुष्कळ परिश्रम घेतले. त्याच्या षट्कोनी नळीच्या बंदुकीचा नेम अचूक होता, पण लष्कराने ती सरसकट स्वीकारली नाही. हट्टी आणि फटकळ स्वभावामुळे अधिकाऱ्यांशी त्याचे फारसे पटत नसे. १८६९ साली त्याला सरदारकी मिळाली.

त्याच्या आदल्या वर्षी त्याने तरुण यंत्रकारांसाठी शिष्यवृत्त्या स्थापन केल्या. त्यांच्या परीक्षेत गणित आणि यंत्रशास्त्र तर असेच; पण त्याबरोबर उमेदवाराला हत्यारे घेऊन प्रत्यक्ष कामही करून दाखवावे लागे. २२ जानेवारी १८८७ रोजी मॉन्टे कार्लो येथे व्हिटवर्थचे निधन झाले. त्याला मूलबाळ नव्हते. त्याच्या संपत्तीचा मोठा वाटा मँचेस्टरमधील शिक्षणसंस्था, रुग्णालय आणि उद्यान यांच्या कामी लागला.