वॉलेस: भुंगे विकून उत्क्रांतीपर्यंत पोहोचलेला माणूस

उत्क्रांती म्हटलं की डार्विन. आल्फ्रेड रसेल वॉलेसचं नाव आलंच तर एखाद्या ओळीत येतं.

१८२३ साली वेल्समध्ये जन्मलेल्या वॉलेसची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. घरात पैसाच नव्हता. भावाबरोबर जमीनमोजणीची कामं करताना त्याला झाडापानांचं आणि पुढे भुंग्यांचं वेड लागलं. डार्विनला पोटाची चिंता नव्हती. याला मात्र पक्षी-किडे जमवून लंडनच्या दलालामार्फत विकायचे होते. चार वर्षं ॲमेझॉनच्या जंगलात काढून १८५२ मध्ये परतताना जहाज पेटलं. सोबतचा संग्रह खाक झाला आणि दहा दिवस उघड्या होडीत गेले.

दोन वर्षांनी गडी पुन्हा निघाला, मलय द्वीपसमूहाकडे. तिथे आठ वर्षांत सव्वा लाख नमुने जमले. त्यातले बरेचसे अली नावाच्या मलय मदतनिसाने मिळवलेले, हे विसरायला नको. कुठला प्राणी कुठे सापडला, याची नोंद वॉलेस काटेकोर ठेवी. बाली आणि लोंबोक ही शेजारची बेटं, मध्ये एक सामुद्रधुनी. तरी बालीवरचे पक्षी आशियाच्या वळणाचे आणि लोंबोकवर ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे! नवी जात तिच्या जवळच्या जातीच्या आसपासच उपजते, असं त्याने १८५५ मध्ये मांडलं. पण कशी, ते उमगत नव्हतं.

१८५८ च्या फेब्रुवारीत मोलुक्का बेटांवर तापाने फणफणलेला असताना त्याला माल्थसचं पुस्तक आठवलं. खाणारी तोंडं जास्त, अन्न कमी. मग टिकतं कोण? परिस्थितीला जास्त जुळणारा. ताप उतरल्यावर त्याने लेख लिहून डार्विनलाच धाडला.

डार्विन हादरला. तोही माल्थस वाचूनच इथे पोहोचला होता, पण वीस वर्षं छापलं काही नव्हतं. लायेल आणि हूकर या मित्रांनी १ जुलैला लिनियन सोसायटीत दोघांचं लेखन एकत्र वाचवून घेतलं, डार्विनचं आधी. न्यू गिनीत असलेल्या वॉलेसला कुणी विचारलं नाही. टपालाला महिने लागत, हे खरं. पण वीस वर्षं थांबलेल्यांना आणखी थोडं थांबता आलं असतं.

वॉलेसने मात्र कधी तक्रार केली नाही. माणसाच्या बुद्धीबाबत त्याचं डार्विनशी पटलं नाही, तरी १८८९ च्या आपल्या पुस्तकाला त्याने नाव दिलं 'डार्विनिझम'. उतारवयात पैशाची ओढाताण सुरू झाली, तेव्हा डार्विननेच खटपट करून त्याला वर्षाला २०० पौंडांचं सरकारी पेन्शन मिळवून दिलं. १९१३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, वॉलेस गेला.