सिद्धगडच्या रानातील आझाद दस्ता : हुतात्मा भाई कोतवाल

उल्हासनगर कॅम्प ४, प्रतिनिधी

विठ्ठलवाडी, अंबरनाथ, बदलापूर, नेरळ करीत कर्जतकडे जाणाऱ्या लोकलच्या खिडकीतून एका बाजूला माथेरानचा डोंगर दिसतो, तर दुसऱ्या बाजूला दूरवर सह्याद्रीची मुख्य रांग. मधल्या उल्हास नदीच्या खोऱ्यातून विजेचे उंच पोलादी मनोरे मुंबईच्या दिशेने गेलेले आहेत. हे दृश्य रोजच्या प्रवाशांच्या इतक्या अंगवळणी पडले आहे, की त्यामागचा इतिहास सहसा कुणाच्या मनात येत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या तीन महिन्यांत याच परिसरातील ११ मनोरे जमीनदोस्त करण्यात आले होते. ते पाडणारे तरुण सैनिक नव्हते, की अभियंतेही नव्हते. ती होती भातशेती करणाऱ्या आणि डोंगर-रान तुडवणाऱ्या घरांतील मुले. त्यांना एकत्र बांधणारे नाव होते विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल.

माथेरानचा मुलगा

भाईंचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानमध्ये एका गरीब नाभिक कुटुंबात झाला. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये या डोंगराची ओळख करून दिल्यापासून माथेरान हे साहेबलोकांचे आणि मुंबईच्या धनिकांचे हवा खाण्याचे ठिकाण बनले होते. १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे सुरू झाली आणि पाहुण्यांची वर्दळ वाढली. पाहुण्यांची ओझी वाहणारे, घोडे धरणारे, रिक्षा ओढणारे आणि दाढी-हजामत करणारे हात मात्र त्याच डोंगरावरच्या आणि पायथ्याच्या गरिबांचे होते. एकाच गावातील ही दोन जगे भाईंनी लहानपणापासून पाहिली.

प्राथमिक शिक्षण माथेरानला झाल्यावर पुढील शिक्षणासाठी ते पुण्यास नातेवाइकांकडे राहिले. अभ्यासात ते हुशार होते. जिद्दीने शिकत ते वकील झाले. कोतवालांच्या घरातील मुलाने वकील होणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मुंबईत किंवा पुण्यात व्यवसाय थाटून सुखाने राहण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता. पण भाई आपल्या मुलखात परतले. १९४१ मध्ये ते माथेरान नगरपालिकेवर निवडून आले आणि उपाध्यक्ष झाले.

आधी धान्य, मग दस्ता

भाई कोतवाल यांचे नाव निघाले की मनोरे पाडण्याचा पराक्रम आठवला जातो. मात्र त्यांच्या आयुष्याचा पाया त्याआधीच घातला गेला होता. कर्जत परिसरातील छोटा शेतकरी आणि आदिवासी पावसाळ्यात सावकाराच्या दाराशी उभा असे. पेरणीसाठी बियाणे हवे, घरात खायला धान्य हवे. सावकार खावटी म्हणून भात देई आणि सुगीला ते वाढीव मापाने वसूल करी. कष्टाचे पीक खळ्यावरूनच दुसऱ्याच्या कोठारात जाई. याच कुलाबा जिल्ह्यात चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा प्रदीर्घ संप केला होता. जमीनदार आणि कूळ यांच्यातील हा संघर्ष जिल्ह्याला नवा नव्हता.

त्यातच दुसरे महायुद्ध भडकले. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला आणि धान्याचे भाव चढले. भाईंनी यावर उपाय म्हणून गावोगावी धान्य कोठ्या उभ्या केल्या. सुगीला प्रत्येकाने थोडे धान्य सामाईक कोठारात ठेवायचे आणि अडचणीच्या दिवसांत गरजूने तेथून न्यायचे. त्यासोबत त्यांनी खेड्यापाड्यांत लहानथोरांसाठी साक्षरतेच्या शाळाही चालविल्या.

वरवर साधे वाटणारे हे काम प्रत्यक्षात फार अवघड होते. ज्याच्या घरात उद्याचे धान्य नाही, त्याने आजचे धान्य दुसऱ्याच्या भरवशावर सोपवायचे होते. शेजारी परत करील, हिशेब चोख राहील, कोठाराची किल्ली सांभाळणारा बेइमानी करणार नाही, हा विश्वास आधी निर्माण व्हावा लागतो. जातीजातींत आणि वाडी-गावांत विभागलेल्या या मुलखाने तो विश्वास भाईंच्या शब्दावर ठेवला. पुढे जंगलात त्यांच्यासोबत गेलेल्या तरुणांची खरी तालीम या कोठारांपाशी झाली, असे म्हणावे लागेल.

चलेजावची हाक

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर चलेजावचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे राष्ट्रीय नेते तुरुंगात गेले. नेतृत्व नाहीसे झाल्यावर आंदोलन तरुणांनी हाती घेतले. त्यात कोवळ्या वयाची मुलेही होती. ९ सप्टेंबर रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा हाती घेतलेला १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाला. साताऱ्यात नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार आकाराला येऊ लागले. भाई कोतवालही भूमिगत झाले आणि त्यांनी आझाद दस्ता उभारला.

दस्त्याचे लक्ष्य विचारपूर्वक निवडलेले होते. सह्याद्रीच्या पायथ्याशी टाटांची खोपोली आणि भिवपुरी येथील जलविद्युत केंद्रे होती. तेथील वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना मिळत असे. पुण्यापर्यंतची रेल्वेही तोवर विजेवर धावू लागली होती. युद्धकाळात मुंबई हे बंदर, कारखाने आणि सैन्याची ये-जा यांचे केंद्र बनले होते. आज ज्याला उल्हासनगर म्हणतात, तेथे याच महायुद्धात सैनिकांसाठी बराकींची मोठी छावणी होती. वीजवाहिनी तोडणे म्हणजे या साऱ्या युद्धयंत्रणेची नस दाबणे होते.

विजेचा मनोरा पाडणे हे एकट्याचे काम नाही. अंधारात जागा गाठायची, पोलादी पाय कापायचे, कापताना आवाज किती दूर जातो याचा अंदाज ठेवायचा, पहारा कुठून येतो यावर नजर ठेवायची आणि मनोरा कलण्याच्या आत सर्वांनी बाजूला व्हायचे. एकाची घाई किंवा एकाचा निष्काळजीपणा सगळ्यांच्या जिवावर बेतणारा. असे ११ मनोरे पाडले जाणे ही त्या तरुणांनी आपसांत कमावलेल्या शिस्तीची साक्ष आहे.

रानातील दिवस

मनोरे कोसळू लागले तसे सरकार हादरले. पोलिसांचे जादा बळ आले, पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले आणि दस्त्याच्या शोधात गावे पिंजून काढली जाऊ लागली. भाई आणि त्यांचे सहकारी डोंगर-जंगलाच्या आश्रयाला गेले. त्यांचा अखेरचा मुक्काम ठरला मुरबाड तालुक्यातील सिद्धगड. भीमाशंकरच्या रांगेला खेटून उभा असलेला हा किल्ला घनदाट रानाने वेढलेला आहे. शेजारी गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके आहेत.

अशा रानात पाऊस सरला की ओढे आटू लागतात आणि पाण्याच्या जागा थोड्याच उरतात. रात्री थंडी असते, पण धूर दूरवरून दिसत असल्याने शेकोटी पेटविण्याचीही धास्ती. वाटा, पाणवठे, कंदमुळे आणि जनावरांची चाहूल यांचे ज्ञान स्थानिक आदिवासी व शेतकरी घरांतील माणसांकडेच होते. तेथे वकिलाची सनद उपयोगी नव्हती. शिकलेल्याने न शिकलेल्याकडून रान शिकायचे आणि त्याने याच्याकडून लढ्याचा अर्थ समजून घ्यायचा, अशी ही देवघेव होती.

सर्वांत मोठा प्रश्न होता भाकरीचा. भूमिगत टोळीचे जगणे बंदुकीपेक्षा खालच्या वाडीतून येणाऱ्या शिदोरीवर अवलंबून असते. शिदोरी पोहोचविणाऱ्या घरावर पोलिसांची वक्रदृष्टी पडण्याचा धोका कायम होता. तरीही आठवड्यांमागून आठवडे हा दस्ता टिकला. ज्या लोकांना भाईंनी सामाईक कोठारातून धान्य मिळवून दिले होते, त्यांनीच आता आपल्या घासातला घास त्यांना दिला. मानिवलीचे गोमाजी पाटील आणि त्यांचा तरुण मुलगा हिराजी हे बाप-लेक दोघेही दस्त्यात होते. एका घराने या लढ्यात काय पणाला लावले होते, हे यावरून कळते.

२ जानेवारीची पहाट

जो विश्वास दस्त्याची ताकद होता, तोच त्याचा सर्वांत नाजूक भागही होता. शेकडो लोकांनी राखलेले गुपित फुटायला एक फितुरी पुरेशी ठरली. मुक्कामाचा सुगावा लागताच पोलीस अधिकारी हॉल याच्या नेतृत्वाखाली सशस्त्र पोलिसांनी २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात दस्त्याला घेरले. गोळीबारात हिराजी पाटील कोसळले. भाई कोतवाल गोळी लागून जखमी झाले आणि त्याच अवस्थेत हॉलने जवळून गोळी झाडून त्यांचा अंत केला. वयाची तिशी पूर्ण होऊन त्यांना जेमतेम महिना झाला होता.

स्वातंत्र्य अजून साडेचार वर्षे दूर होते. स्वातंत्र्यासोबत फाळणी आली आणि कल्याणच्या लष्करी छावणीतील रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांचे संसार मांडले गेले. १९४९ मध्ये या वसाहतीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीची आठवण कॅम्प १ ते कॅम्प ५ या क्रमांकांत राहून गेली. ज्या युद्धयंत्रणेची वीज तोडण्यासाठी भाई आणि हिराजी यांनी प्राण दिले, तिच्याच बराकींत सर्वस्व गमावलेल्या माणसांना आसरा मिळाला. अनोळखी शेजाऱ्यावर विश्वास टाकून नव्याने जगायला शिकणे या माणसांच्याही वाट्याला आले.

सिद्धगडाच्या परिसरात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचे स्मारक असून दरवर्षी २ जानेवारीला ठाणे व रायगड जिल्ह्यांतील नागरिक तेथे अभिवादनासाठी जमतात. २०२० मध्ये भाईंच्या जीवनावर मराठी चित्रपटही येऊन गेला. मनोरे पुन्हा उभे राहिले, वीज पुन्हा सुरू झाली. सावकाराच्या दारातून गावाला उठवून एका कोठारापाशी आणणारा आणि त्याच गावाच्या पोरांना घेऊन रानात उभा ठाकणारा माणूस मात्र या खोऱ्याला एकदाच लाभला.