पद्मासनाला प्रश्न विचारणारे स्वामी कुवलयानंद

बडोद्यापासून काही कोसांवरचे डभोई हे गाव तेथील जुन्या किल्ल्यासाठी आणि हिराभागोळ दरवाजासाठी प्रसिद्ध आहे. गायकवाडी अमलातील या गावी ३० ऑगस्ट १८८३ रोजी एका मराठी शिक्षकाच्या घरी जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म झाला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे शिक्षणाचा मार्ग शिष्यवृत्तीवाचून सरळ नव्हता. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली आणि बडोदा कॉलेजात प्रवेश घेतला. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखल्या गेलेल्या या माणसाच्या आयुष्यात संस्कृत अखेरपर्यंत उपयोगी पडले. हठयोगाच्या पोथ्या त्यांना कोणाच्या भाषांतरावर विसंबून वाचाव्या लागल्या नाहीत.

त्या काळचे बडोदे तरुण मनाला पेटवणारे होते. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने तेथे विद्वान गोळा झाले होते, श्रीअरविंद कॉलेजात अध्यापन करीत होते आणि टिळकांच्या लेखणीचा प्रभाव मराठी घराघरांत पोहोचला होता. जगन्नाथरावांवर या दोघांचाही ठसा उमटला. आजन्म ब्रह्मचारी राहून देशकार्य करण्याचा निश्चय त्यांनी याच वयात केला. मात्र त्यांच्या शरीराला वळण लावले ते जुम्मादादा व्यायाममंदिराने. १९०७ ते १९१० या काळात राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी मल्लविद्या, मलखांब आणि लाठीकाठीचे शिक्षण घेतले. योगाकडे ते आखाड्यातून आले, ही गोष्ट त्यांच्या पुढील कार्याकडे पाहताना विसरता येत नाही. शरीर हे साधनेतील अडथळा आहे अशी भाषा त्यांच्या तोंडी कधी आली नाही.

पुढे ते खानदेशात गेले. अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत त्यांनी अध्यापन केले आणि १९२१ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. ते महाविद्यालय फार काळ टिकले नाही. राष्ट्रीय वृत्तीच्या संस्थांवर सरकारची वक्रदृष्टी असण्याचे ते दिवस होते.

या अध्यापनाच्या वर्षांतच, १९१९ साली, त्यांची परमहंस माधवदासजी महाराजांशी भेट झाली. मूळचे बंगालचे हे वयोवृद्ध योगी नर्मदाकाठी मालसर येथे राहत असत. त्यांच्याकडे शिकलेला आणखी एक तरुण, मणिभाई देसाई, योगेंद्र या नावाने मुंबईत योगसंस्था चालवू लागला होता. योग घरातल्या माणसांपर्यंत नेणाऱ्या दोन संस्थांचे मूळ अशा रीतीने नर्मदेच्या एकाच घाटावर सापडते. मालसरला जगन्नाथरावांनी आसने, बंध, क्रिया आणि प्राणायाम यांचा कसून अभ्यास केला. अनुभव आला, शरीर बदलले, मन स्थिरावले. एवढ्यावर दुसऱ्या एखाद्या साधकाचे समाधान झाले असते. कुवलयानंदांना मात्र प्रश्न पडला की हे जे घडते आहे, ते शरीरात नेमके कोठे आणि कसे घडते?

हा प्रश्न वाटतो तितका निरुपद्रवी नव्हता. गुरूंनी सांगितलेले यंत्रापुढे ठेवायचे, तर यंत्र नकार देण्याचीही तयारी ठेवावी लागते. पोथीत लिहिलेले खोटे ठरले, तर श्रद्धावंत दुरावणार. खरे ठरले, तरी पाश्चात्त्य विद्येने शिकलेले लोक तो योगायोग म्हणणार. योगी म्हणजे जादूटोणा करणारा बैरागी, अशी शिकलेल्या वर्गाची त्या काळी सर्रास समजूत होती. या दोन्ही बाजूंच्या मध्ये त्यांनी आपली जागा निवडली.

१९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी पहिले प्रयोग केले. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांपासून सुरुवात झाली. बेरियम आणि क्ष-किरण यांच्या साहाय्याने आतड्यांची स्थिती पाहण्यात आली आणि क्रियेच्या वेळी आतला दाब मोजण्यात आला. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, असे दिसून आले. बस्तीत पाणी वर ओढले जाते ते कोणत्याही अद्भुत शक्तीने नसून या निर्वातामुळे, हे आता सांगता येत होते. या निर्वाताला त्यांनी गुरूंचे नाव दिले. यंत्राने सापडलेल्या वस्तूला योग्याचे नाव देणे, ही त्यांची गुरुदक्षिणाच म्हणावी लागेल.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक निघाले. कुवलय म्हणजे निळे कमळ. कमळाच्या नावाचे आसन प्रयोगशाळेत आणणाऱ्याचे नावही कमळाचेच असावे, हा एक सुंदर योग. योगमीमांसेच्या अंकात एका भागात प्रयोगांचे आकडे आणि क्ष-किरणांची छायाचित्रे असत, दुसऱ्यात आसनांचे व तत्त्वांचे विवेचन असे. पोरबंदरच्या राणांसारख्या संस्थानिकांनी प्रयोगशाळेला आर्थिक हात दिला.

त्यांनी आसनांची जी विभागणी केली, ती आज इतकी रूढ झाली आहे की तिच्यामागे कोणाचा विचार आहे याची आठवण राहत नाही. सर्वांगासन, मत्स्यासन, भुजंगासन, धनुरासन ही शरीर घडवणारी आसने एका बाजूला, आणि पद्मासन, सिद्धासन, स्वस्तिकासन, समासन ही चार ध्यानाची आसने दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात शरीराला काही करावे लागते. दुसऱ्या गटात शरीराने काहीच करू नये, हीच अपेक्षा.

मांडी घालून बसणे मराठी माणसाला नवीन नाही. पंगतीला पाटावर, कीर्तनाला सतरंजीवर, पूर्वी शाळेत जमिनीवर सारा जन्म मांडी घालूनच गेला. पद्मासन या रोजच्या मांडीच्या एक पाऊल पुढे असते. उजवे पाऊल डाव्या मांडीवर, डावे उजवीवर, तळवे वर वळलेले आणि दोन्ही टाचा ओटीपोटाला टेकलेल्या. असे बसल्यावर खालचा पाया रुंद व घट्ट होतो आणि पाठीचा कणा फारसे बळ न लावता ताठ राहू शकतो. साध्या मांडीत थोड्या वेळाने पाठ पोक काढू लागते, पद्मासनात ती वाकणे अवघड जाते. बहुधा याच कारणासाठी हे आसन इतकी शतके टिकले असावे. पतंजलींनी आसनाकडून स्थैर्य आणि सुख एवढ्याच दोन गोष्टींची अपेक्षा केली, तिचे मर्मही येथेच कळते.

कुवलयानंदांनी या बसण्याचे स्पष्टीकरण शरीरशास्त्राच्या भाषेत मांडले. कणा ताठ असल्याने पोटातील अवयवांवर दाब पडत नाही आणि श्वासपटल मोकळेपणी हलते. स्नायूंना जवळजवळ काम नसल्यामुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड कमी तयार होतो, म्हणून श्वास आपोआप मंद होतो आणि हृदयाचेही काम हलके होते. पाय घट्ट दुमडलेले असल्याने त्यांच्याकडे जाणारे रक्त रोखले जाऊन कटिप्रदेशाला अधिक मिळते आणि तेथील मज्जातंतूंना बळ येते, असेही त्यांचे म्हणणे होते. यांतील पहिल्या गोष्टी आज कोणताही वैद्य मान्य करील. शेवटची मात्र शरीररचनेवरून काढलेला तर्क होती, आणि तिला तर्काइतकेच वजन द्यावे हे बरे. मन शांत होण्यासाठी शरीराकडून येणारे निरोप कमी व्हावे लागतात, हा या सर्व विवेचनाचा गाभा होता.

गुडघ्यांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. पद्मासनात मांडी खुब्याच्या सांध्यातून बाहेर वळावी लागते. खुबा आखडलेला असेल आणि पाय हाताने ओढून बसवला, तर तो पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा हा पिळासाठी घडलेला सांधा नव्हे. खुर्चीवर वाढलेल्या पिढीने हे आधी ध्यानात घ्यावे. चार ध्यानासनांत स्वस्तिकासनासारखे सोपे आसन आहे, त्यामुळे ज्याचे पाय पद्मासनाला तयार नाहीत त्याच्यासाठी ध्यानाचे दार बंद होत नाही.

प्रयोगाने नकार दिल्याचा प्रसंग प्राणायामाच्या बाबतीत आला. दीर्घ श्वासामुळे शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो आणि हाच प्राणायामाचा लाभ, असे त्या वेळी सगळे सांगत. आजही अनेक शिबिरांत तेच सांगितले जाते. कैवल्यधामातील मोजमापांनी या समजुतीला पुष्टी दिली नाही. श्वास संथ करून व रोखून केलेल्या प्राणायामात नेहमीपेक्षा जास्त प्राणवायू शोषला जात नाही, असे दिसले. कुवलयानंदांनी हा निष्कर्ष दडवला नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूत नसून मज्जासंस्थेवरील परिणामात शोधावे, असे त्यांनी स्पष्टपणे छापले. योगाचा प्रचार हेच ज्याचे आयुष्य, त्याने योगाची सर्वांत लोकप्रिय समजूत आपल्याच नियतकालिकातून खोडून काढावी, याला धैर्य लागते.

येल विद्यापीठातील कोवूर बेहानन यांनी १९३० नंतरच्या वर्षांत लोणावळ्याला राहून योगाभ्यास केला आणि १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत आपली गती मंदावते, असे त्यांना आढळले. वरवर पाहता हे योगाला प्रतिकूल वाटते. पण चित्ताला धावण्यापासून थांबवणे हेच ज्या साधनेचे ध्येय, तिने बेरीज-वजाबाकीचा वेग वाढवावा अशी अपेक्षा तरी का धरावी? पोटातील दाब मोजता आला, रक्तदाब मोजता आला, श्वासही पिशवीत पकडता आला. पद्मासनात निश्चल बसलेल्या माणसाच्या आत काय चालले आहे, हे मात्र त्या काळच्या साधनांच्या पलीकडे होते.

दरम्यान त्यांचे कार्य आश्रमाबाहेर पसरत गेले. १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी पडलेल्या महात्मा गांधींनी त्यांच्याकडून आसनांविषयी पत्राने सल्ला घेतला. मुंबईत चौपाटीजवळ योगोपचाराचे केंद्र सुरू झाले. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या यौगिक संघ व्यायाम या पुस्तकात तर मुलांच्या रांगांकडून हुकमावर आसने करवून घेण्याची पद्धतच त्यांनी दिली. येथे जुम्मादादांच्या आखाड्यातील जुना शिष्य पुन्हा दिसतो. या पद्धतीने योगाचा कवायतीसारखा उपयोग झाला, अशी टीका करता येईल आणि ती अगदीच निराधार नाही. ध्यानाचे आसन शिट्टीवर लागत नाही. तरीही शाळेच्या मैदानावर पद्मासन पोहोचले ते याच वाटेने, आणि ज्या घरांत कोणी योगी पाऊल ठेवणार नव्हता त्या घरांतली मुले ते शिकली.

उत्तरायुष्यात त्यांचे लक्ष पुन्हा ग्रंथांकडे वळले. लोणावळ्याला योगाचे महाविद्यालय सुरू झाले होते, रुग्णालयाची सिद्धता चालली होती, आणि त्याच काळात हस्तलिखिते ताडून पाहण्याचे काम संथपणे चालू होते. १९५८ मध्ये त्यांनी शुक्ल यांच्यासह गोरक्षशतकाची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. जीवांच्या जितक्या जाती तितकी आसने, म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष, असे तो ग्रंथ मानतो. त्यांतून चौऱ्याऐंशी निवडतो आणि शेवटी दोनच विशेष म्हणून सांगतो. सिद्धासन आणि कमलासन, दोन्ही मांडी घालून निश्चल बसण्याची. शेकडो मुलांकडून आसने करवून घेणाऱ्या संपादकाच्या हाती आयुष्याच्या अखेरीस हा मजकूर होता.

१८ एप्रिल १९६६ रोजी कुवलयानंदांचे देहावसान झाले. त्यांच्यामागे संस्थेची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली. योगमीमांसा आजही निघते.