लक्ष्मी विलास पॅलेस कोसळेल या धास्तीने इंजिनिअरने खरंच जीव दिला होता का?

बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसचा व्हिडिओ दर काही महिन्यांनी व्हायरल होतो. त्याखाली एक कमेंट ठरलेली असते. हा राजवाडा ज्याने डिझाइन केला, त्याला वाटलं आपलं गणित चुकलंय, वाडा कोसळणार, म्हणून त्याने आत्महत्या केली.

त्या माणसाचं नाव मेजर चार्ल्स मँट. कोल्हापूरकरांनी हे नाव ऐकलं नसलं तरी त्याच्या इमारती रोज बघितल्यात. टाऊन हॉल, सीपीआर हॉस्पिटलची जुनी इमारत आणि न्यू पॅलेस, तिन्ही त्याच्याच.

गंमत म्हणजे मँट मुळात आर्किटेक्ट नव्हताच. १८३९ च्या सुमारास जन्मलेला हा माणूस ब्रिटिश लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स तुकडीतला अधिकारी. विशीत भारतात आला. तेव्हा सरकारी बांधकाम म्हणजे पीडब्ल्यूडी आणि पीडब्ल्यूडी म्हणजे बहुतेक करून लष्करी इंजिनिअर. रस्ता असो, पूल असो, बरॅक असो नाहीतर चर्च, नकाशा काढणारा माणूस तोच. काम भक्कम आणि स्वस्तात झालं की झालं. या इमारती दिसायला इतक्या रटाळ असायच्या की खुद्द इंग्रजच त्यांची टिंगल करायचे.

मँटला मात्र या चौकोनी कामात रस नव्हता. त्याच्या सुरुवातीच्या कामांपैकी एक म्हणजे सुरतची हायस्कूलची इमारत, तीही इंग्लंडमध्ये तेव्हा फॅशनमध्ये असलेल्या गॉथिक शैलीत. कोल्हापूरचा टाऊन हॉलही तसाच, टोकदार मनोरे आणि उतरती छपरं. एखादं इंग्रजी चर्च उचलून भाऊसिंगजी रोडला आणून ठेवल्यासारखं.

मग १८७० मध्ये एक घटना घडली. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) युरोप दौऱ्यावर गेले होते. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय फक्त २० वर्षं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, हिंदू रिवाजाप्रमाणे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या जागी १८७४ मध्ये स्मारक उभं राहिलं. आतला अर्धपुतळा फुलर नावाच्या शिल्पकाराचा आणि वरची छत्री मँटची. इटलीच्या मातीत, एका इंग्रज लष्करी इंजिनिअरने काढलेली भारतीय छत्री! फ्लॉरेन्सला जाणारे मराठी पर्यटक आजही ती शोधत जातात.

इथून मँटचा हात बदललेला दिसतो. गॉथिक मागे पडलं. त्याच्या नकाशांत कमानी, घुमट, छत्र्या, जाळ्या, झरोके यायला लागले. गुजरातच्या जैन देवळातलं नक्षीकाम, राजस्थानातले महाल, मुघल घुमट, मराठी वाडा, हे सगळं तो एकत्र करायला लागला. या मिश्रणाला पुढे इंडो-सारासेनिक म्हणू लागले.

त्यासाठी त्याने राजीनामा दिला नाही, नवी डिग्री घेतली नाही. भारतात तेव्हा आर्किटेक्चरची डिग्री नव्हतीच. अंगावर लष्कराचा गणवेश तोच राहिला, काम तेवढं बदललं.

आणि संस्थानिकांना नेमका असाच माणूस हवा होता. इंग्रजांसमोर रुबाब राहील आणि प्रजेला परका वाटणार नाही असा राजवाडा. १८७७ मध्ये कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचं काम सुरू झालं. काळा घडीव दगड आणि मध्ये अष्टकोनी क्लॉक टॉवर. त्याच सुमारास अजमेरच्या मेयो कॉलेजची मुख्य इमारत आली. १८७८ मध्ये बडोदा सुरू झालं. महाराज सयाजीराव गायकवाड तेव्हा शाळकरी वयाचे होते, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली.

लक्ष्मी विलासचा दर्शनी भाग ५०० फुटांहून लांब आहे. महाराजांचा महाल, दरबाराचा भाग आणि राण्यांचा महाल असे तीन हिस्से, आणि तिन्हींचा थाट वेगळा. खरं सांगायचं तर समोर उभं राहिलं की एकाच इमारतीत चार इमारती कोंबल्यासारखं वाटतं.

आता प्रश्न गणिताचा. तेव्हा आरसीसी नव्हतं. घुमट, कमान, मनोरा, सगळ्याचं वजन दगड-विटांच्या भिंतीच पेलणार. कमान नुसती खाली दाबत नाही, ती भिंतीला बाहेरही ढकलते. भिंत पुरेशी जाड नसेल तर ती फाटते. वर मनोऱ्यांची उंची वाढत चाललेली, आणि माणूस एकाच वेळी कोल्हापूर, अजमेर आणि बडोदा सांभाळतोय. निव्वळ कलाकार असता तर ही चिंता दुसऱ्यावर सोडून झोपला असता. पण हा तर इंजिनिअर.

वास्तुकलेच्या इतिहासात जे सांगितलं जातं ते असं: शेवटच्या काळात मँटचं मानसिक संतुलन ढासळलं. आपली आकडेमोड चुकली आहे, राजवाडे पडणार आहेत, ही भीती त्याच्या डोक्यातून जाईना. १८८१ मध्ये तो गेला. चाळिशी नुकती ओलांडली होती. आत्महत्येचा भाग ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगताना तिला चिकटलेला आहे, त्यामुळे ती कमेंट शेअर करण्याआधी थोडं थांबलेलं बरं.

या तीन मोठ्या कामांपैकी एकही पूर्ण झालेलं त्याने पाहिलं नाही. न्यू पॅलेस १८८४ मध्ये तयार झाला. ज्यांच्या कारकिर्दीत तो बांधायला घेतला ते छत्रपती शिवाजी महाराज (चौथे) त्याआधीच, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात वारले होते. त्यांनाही मनोरुग्ण ठरवूनच तिथे ठेवलं होतं. मार्च १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक आले ते शाहू महाराज. मेयो कॉलेजची इमारत १८८५ मध्ये झाली.

बडोद्याचं अर्धवट काम मद्रासच्या रॉबर्ट चिझमकडे गेलं आणि १८९० मध्ये संपलं. १९६७ मध्ये कोयनेच्या भूकंपाने पश्चिम महाराष्ट्र हादरला, त्यानंतरही न्यू पॅलेस जागेवर आहे. त्याच्या तळमजल्यावर आज म्युझियम आहे आणि लक्ष्मी विलासमध्ये गायकवाड कुटुंब अजूनही राहतं.